वरच्या बांधावरचा नारळ

आमच्या वाडीच्या फाट्यावर वर्ष-दीड वर्ष माझा फोटो लटकत होता. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, तेल चोपडलेले केस, बावळट नजर. खाली लाल अक्षरांत, उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. वरच्या कोपऱ्यात आमच्याकडे जमिनींचे व्यवहार करणाऱ्या शेठचा फोटो, माझ्यापेक्षा मोठा, हात जोडलेला. शुभेच्छुक म्हणून पुन्हा शेठ आणि मित्रपरिवार. माझ्या आईवडिलांचं नाव कुठंच नाही. शेठ माझा कुणी लागत नाही. त्यानं माझ्या शिक्षणाला दमडी दिली नाही. त्यानं रस्ता दिला, आणि तोही आमच्याच जमिनीतून. त्याला अहोजाहो करायचं मी सोडून दिलंय, कुणाला खटकलं तर खटकू दे.

आमची वाडी मुळशीत, उरवड्याच्या वरच्या अंगाला. वडील उरवड्यातल्या एका कारखान्यात पाळीवर जातात आणि पाळी नसेल तेव्हा शेतात. भात मात्र आईचं. तरवा, म्हणजे भाताचं रोप, कधी टाकायचा, पाणी कुठल्या खाचरातून कुठल्या खाचरात सोडायचं, हे तिनं ठरवायचं आणि वडिलांनी फावडं धरायचं, अशी आमच्या घरची वाटणी. मी हिंजवडीत एका कंपनीत नोकरी करत होते. खोलीवर आम्ही चार मुली, बाकीच्या लातूर-अमरावतीकडच्या, आणि सगळ्यांना बाहेर जायचं होतं. त्यांच्या घरी मास्तर, तलाठी, एसटीतले. त्यांनी वडिलांचा फ्लॅट गहाण टाकला आणि गेल्या. मला म्हणायच्या, "तुझं काय बाई, मुळशीवाली तू. एक गुंठा विकला की निघालीस."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मुळशी म्हटलं की लोकांना जमीन विकून गळ्यात सोन्याची साखळी घातलेला माणूसच दिसतो. आमच्याकडची जमीन आजोबांच्या भावांनी कधीच विकून खाल्ली होती. उरली होती ती ओढ्याकडेची खाचरं आणि त्यांच्या वर थोडं वरकस, म्हणजे डोंगरउताराची माळजमीन. विकायचं नाव काढलं तरी वडील जेवणावरून उठायचे. त्यात त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

आयर्लंडच्या एका विद्यापीठाचं पत्र आलं आणि मी दारोदार फिरायला लागले. सरकारी शिष्यवृत्तीत थोडक्यात राहिले. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या मुलाखतीत समोरच्या आजोबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मुळशीच्या ना तुम्ही? मग आमच्याकडे कशाला आलात?" बाकीचे हसले. मीही हसले, पण बाहेर येऊन जिन्यावर रडले. बिनतारण कर्ज देणारी एक कंपनी होती, तिचं व्याज ऐकून वडिलांनी फोन माझ्या हातात परत दिला. शेवटी आम्ही पिरंगुटच्या बँकेत गेलो. मॅनेजर विदर्भातला, तरुण, दमलेला. त्यानं सातबारा उलटापालटा करून पाहिला.

"शेती आम्हाला तारण चालत नाही, ताई. वरचा तुकडा एनए, म्हणजे बिगरशेती, करून आणा, मग बघता येईल. पण एनएला रस्ता लागतो. आहे का रस्ता?"

तिथंच घोडं अडलं. आमच्या वरकसावर जायला रस्ता नव्हता. खाचरांच्या बांधावरून एक पायवाट होती, डोक्यावर भारा असला की समोरच्यानं चिखलात उतरायचं, एवढी. वरकसाच्या वर सरळ डोंगर. तो डोंगर शेठनं फार पूर्वी आमच्याच भाऊकीकडून घेतला होता. मातीमोल घेतला, कारण वर जायला वाटच नव्हती. घेतला तेव्हा सगळी वाडी त्याला हसली होती, आणि तोही लोकांबरोबर हसला होता म्हणतात.

बँकेतून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शेठ आमच्या ओट्यावर बसलेला. त्याला कुणी सांगितलं हे मी कधी शोधलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. सडपातळ माणूस, आवाज हळू, चपला ओट्याखाली नीट जोडून काढलेल्या. खिशात बडीशेपेची चपटी डबी, ती उघडून आधी दुसऱ्याला द्यायचा, मग आपण घ्यायचा.

"तात्या, पोरगी आपल्या वाडीची हाय," तो वडिलांना म्हणाला. सगळे वडिलांना तात्याच म्हणतात. "रस्त्यापायी अडली म्हंजी लाज हाय आपल्याला. माझं जेसीबी हाय, मुरूम हाय. एका दिसात रस्ता करून देतो."

"पैसं किती?" वडिलांनी विचारलं.

"पैशाचं काय बोलताय. मला भाकरी घाला वहिनीच्या हातची, झालं."

आईनं भाकरी घातली. वाढताना तिनं विचारलं, "बांध तोडल्याव पाण्याचं काय?" कारण डोंगराच्या पायथ्याला झरा आहे, त्याचं पाणी त्या बांधाच्या कडेनं पाटानं खाली येतं. पाऊस सरल्यावर दाणा भरायला तेच पाणी लागतं.

शेठनं तोंडातला घास संपवला. "पाण्याचं बघू की, वहिनी."

मला तेव्हा तो माणूस आवडला होता. सतरा ठिकाणी नन्नाचा पाढा ऐकल्यावर कुणीतरी नुसतं हो म्हणालं, की त्याच्या पायाच पडावंसं वाटतं. आई भांडी घासताना पुटपुटत होती, भाकरीवर कोण जेसीबी आणतंय. मी तिच्यावर डाफरले. तुला मी जायलाच नको आहे, असंही बोलले. ती राख घेऊन तवा घासत राहिली.

आता नारळाचं सांगायला हवं. आमच्याकडे वाट कागदावर नंतर येते, आधी नारळ फुटतो. आपल्या जमिनीतून वाट द्यायची तर मालकानं चार माणसं बोलवायची, उभं राहायचं आणि आपल्या हातानं नारळ फोडायचा. जिथं नारळ फुटला तिथपर्यंत वाट दिली. मग ती मालकाच्या पोराला बंद करता येत नाही, नातवालाही येत नाही. उद्या भांडण झालं, तहसीलचा माणूस पंचनाम्याला आला, तरी लोक सांगतात ते हेच, की ह्यानं अमक्या ठिकाणी नारळ फोडला, आमी हुतो तितं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

ज्या दिवशी जेसीबी आलं त्या दिवशी निम्मी वाडी गोळा झाली. माझा चुलता शेजारीच राहतो, ओढ्यापलीकडची खाचरं त्याची, तो आला. त्याची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, ती हळदीकुंकवाचं ताट धरून उभी राहिली. शेठच्या पोरांनी जेसीबीला हार घातला. वडील आंघोळ करून, लग्नाकार्यातला सदरा घालून आले होते. नारळ त्यांनी पिशवीतून आणला होता आणि ते आमच्या वरकसाच्या खालच्या कोपऱ्याला, जिथं रस्ता संपायचा होता, तिथं थांबले.

"हितं कुटं तात्या," शेठ म्हणाला. "वर चला. मान तुमचा हाय. वरनं समद्यांला दिसंल, फोटू बी चांगला येतोय."

आणि त्यानं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. वडिलांना उभ्या आयुष्यात कुणी पुढं करून मान दिला नव्हता. कारखान्यात वीस वर्षं त्यांना लोक नावानंसुद्धा हाक मारत नाहीत, तोंडानं शिट्टी वाजवतात. ते वर गेले. त्यांच्या मागं सगळे वर गेले. आमचं वरकस ओलांडून, पार वरच्या बांधावर, जिथं आमची हद्द संपते आणि शेठचा डोंगर सुरू होतो, तिथल्या दगडावर त्यांनी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढला, तो अजून माझ्याकडे आहे. वडील हसतायत, आणि शेठ नारळाकडे बघतोय.

आई खालीच होती, सगळ्यांच्या चहाचं बघत. माणसं पांगली, तेव्हा ती कपबश्या विसळत होती. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "नारळ कुटं फोडला?"

"वरच्या बांधाव," वडील म्हणाले. म्हणताना आवाज मोठा होता, पण शेवटच्या शब्दाला बसला.

आईनं हातातली बशी खाली ठेवली. वर जेसीबी चालूच होतं, आमच्या तुकड्यापाशी थांबायचं सोडून अजून वर सरकत होतं. आम्ही तिघं तो आवाज ऐकत उभे राहिलो. मी स्वतःला समजावलं, असू दे, आपल्याला काय, आपला रस्ता झाला ना.

पुढचं सगळं भराभर झालं, इतकं भराभर की भीती वाटावी. ज्या कामाला लोक वर्ष वर्ष चपला झिजवतात ते शेठच्या एका फोनवर व्हायचं. एनएच्या फायलीत रस्ता आमच्या तुकड्यापर्यंतच दाखवला होता, कागदावर तो तिथं व्यवस्थित संपत होता. बँकेनं किंमत काढायला एक साहेब पाठवले. त्यांनी टेप लावून रस्ता मोजला, मग पुन्हा मोजला.

"घरगुती प्लॉटला एवढा रुंद कशाला केलात? दोन डंपर शेजारून जातील."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांना पाणी दिलं. ते पाणी पिऊन म्हणाले, "चांगलंच आहे, रस्त्यामुळे किंमत वाढते." आणि खरंच, किंमत चांगली आली. कर्ज मंजूर झालं. अर्धी फी आधी जायची, अर्धी नाताळानंतर.

जायच्या दिवशी आम्ही भाड्याची गाडी ठरवली होती. ती आलीच नाही. गाडीवाल्याचा फोन लागेना. तेवढ्यात शेठची गाडी दारात. "आमची लेक भाड्याच्या गाडीनं जानार व्हय?" त्यानं बडीशेपेची डबी पुढं केली. मी घेतली. आईनं मला तांदळाची पिशवी दिली होती, घरचा इंद्रायणी, ती मांडीवर घेऊन मी मागं बसले. त्या नव्या रस्त्यानं आम्ही खाली उतरत होतो तर समोरून डंपर येत होते, रिकामे, एकामागं एक. शेठच्या गाडीला पाहून सगळे कडेला थांबले. कडेला म्हणजे आमच्या बांधावर. मागच्या काचेतून मला खाचरं दिसत होती, भात गुडघ्याएवढं झालेलं. आणि फाट्यावर वळलो तेव्हा माझा फोटो दिसला.

"कसा हाय?" शेठनं विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

आयर्लंडमध्ये पाऊस पडतो, पण आमच्यासारखा नाही. कंजुष माणसानं मीठ घालावं तसा पडतो. मी इथं खोलीत तांदूळ शिजवायचे, वास सुटला की बरं वाटायचं. गौरीच्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल लावला. आईनं गौरी दाखवल्या, नैवेद्य दाखवला. मी म्हटलं, भात दाखव ना, पोटरीला आलं असेल, कणीस धरत असेल. ती म्हणाली, बाहेर पाऊस हाय. तिच्या मागच्या खिडकीतून लख्ख ऊन दिसत होतं.

"आई, भात दाखव."

तिनं फोन उचलला आणि चालत गेली. चालताना तिचे पाय दिसत होते, मग बांध, मग सगळी लाल माती. आधी मला कळेना ती कुठं उभी आहे. शेठनं डोंगर वरून कापायला घेतला होता, प्लॉट पाडायला. आठवडाभर जोराचा पाऊस झाला, कापलेला डोंगर रस्त्यावरून खाली आला आणि रस्त्याखाली टाकलेल्या एका पाईपातून थेट आमच्या खाचरांत उतरला. भात वर दिसतच नव्हतं. मधे कुठंतरी शेंडे तेवढे वर आले होते. झऱ्याचा पाट कुठून जायचा, तेही सांगता येत नव्हतं.

"बाबा कुठायत?"

"गेल्यात शेठकडं."

वडील शेठकडे काय बोलले हे मला त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही. आईनं सांगितलं, तिलाही ते रागारागात, तुकड्यातुकड्यानं कळलेलं. वडील म्हणाले होते, तुझे डंपर बंद कर, नाहीतर मी रस्त्यात दगड टाकतो. शेठ उठला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाला, "टाका की. नारळ तुमच्याच हातचा हाय, तात्या, समद्यांनी बघितलाय, तरी बी टाका. पन मग वाटंचा वाद हाय म्हनून बँकंला कळवावं लागंल. पोरीची निम्मी फी जायाची हाय न्हवं अजून?" आणि त्यानं बडीशेपेची डबी पुढं केली.

वडील दगड न टाकता घरी आले.

मी इथून मॅनेजरला फोन करायचं ठरवलं. नंबर काढला, समोर ठेवला. काय विचारणार होते मी? रस्ता आहे म्हणून तारण आहे, तारण आहे म्हणून मी इथं आहे, हे मला त्यानं समजावायची गरज नव्हती. एका बाजूला आईची खाचरं, दुसऱ्या बाजूला माझी उरलेली फी, आणि मधे तो रस्ता. वडिलांनी काय निवडलं ते उघड होतं. मला त्यांचा राग आला, मग माझा आला, मग शेठचा इतका आला की स्वयंपाकघरात एकटीच शिव्या देत उभी होते. शेजारच्या खोलीतली मुलगी येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं ठीक आहे.

नाताळानंतर फी गेली. बँकेचा मेसेज आला त्या दिवशी वडिलांनी फोन करून नुसतं विचारलं, "मिळालं न्हवं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले बरं, आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता तरी दगड पडतील. पण तोवर वर बंगल्यांचे पाये भरून झाले होते, विजेचे खांब रोवले होते, रस्त्यावर डांबर पडलं होतं. डांबराच्या रस्त्यावर कोण दगड टाकणार? आणि हप्ते सुरू व्हायचे होते, तारण तर तेच होतं.

मी पास झाले, इथंच नोकरी लागली. आईनं दिलेला तांदूळ कधीच संपला. पुन्हा पाठव म्हणायची माझी छाती झाली नाही. तिनं एकदा आपणहून विचारलं, "दुकानातला पाठवू का? चांगला मिळतोय पिरंगुटला." तिच्या तोंडून दुकानातला हा शब्द ऐकून मी काहीतरी कारण सांगून फोन ठेवला.

गेल्या महिन्यात चुलत बहिणीचा मेसेज आला. तीच, ताट धरून उभी राहिलेली. तिलाही आयर्लंडलाच यायचं आहे. बँकेनं तेच सांगितलं, एनए करा, रस्ता दाखवा. ओढ्यापलीकडच्या त्यांच्या तुकड्यालाही रस्ता नाही, आणि त्याच्या वरचा डोंगरही शेठचाच आहे. मेसेजात शेवटी लिहिलं होतं, रविवारी नारळ आहे, ताई.

मी लगेच फोन लावला.

"काका नारळ कुठं फोडणार आहेत?"

"वरती. शेठ म्हणाले वरनं फोटो चांगला येतो."

"आणि पाण्याचं?"

"आईनं विचारलं ना. म्हणाले, बघू की."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिला काय ठाऊक नव्हतं त्यातलं? आमच्या खाचरांतली माती तिच्या दारातून दिसते. तरी मी सांगितलं, वडील शेठकडे गेले ते, निम्म्या फीचं शेठ काय बोलला ते. काकांना म्हणावं आपल्या तुकड्यापाशी थांबा, नारळ खालीच फोडा, शेठ रागावला तर रागावू दे. ती काहीतरी चघळत होती. काय खातेस म्हणून विचारलं तर म्हणाली, बडीशेप, शेठ आत्ताच येऊन गेले.

मग ती म्हणाली, "पण तू तर गेलीस ना, ताई."

रविवारी तिनं फोटो पाठवले. चुलता लग्नाकार्यातला सदरा घालून वरच्या बांधावर उभा, हातात नारळ, शेठचा हात त्याच्या पाठीवर. मागं लांबवर आमची बाजू दिसत होती, सपाट, लाल. गर्दीत माझे वडील नव्हते. शेवटचा फोटो फाट्यावरचा होता. माझा फ्लेक्स काढून टाकला होता, आणि चौकट रिकामी करून तशीच उभी ठेवली होती.